मास्तरांची डबल बेल

दारावरची बेल एकदाच वाजली की मी अजूनही गॅस बंद करते. लातूरला येऊन आता बरेच दिवस झाले. इथं बेल वाजवणारा दूधवाला असतो नाहीतर कुरियरवाला, आणि त्याचा माझ्या गॅसशी काडीचा संबंध नसतो. पण हात आपोआप बटणाकडे जातो. "तुला त्या माणसानं पार बिघडवून टाकलंय," असं आमचे हे म्हणतात. तो माणूस म्हणजे आमचे भोकरचे घरमालक.

माझी बदली भोकरच्या पोस्टात झाली, तेव्हा मी खोली शोधत बाजारात चौकशी केली. "मास्तरांकडं बगा, त्यांची वरची खोली रिकामी हाय," असं एका पानवाल्यानं सांगितलं. मला हायसं वाटलं. शाळामास्तराचं घर म्हणजे शांतता असणार, चार पुस्तकं असणार, आठच्या आत दिवे बंद होणार. जाऊन बघते तर दाराच्या चौकटीला वर एक हात टेकवून, दोन्ही पाय फाकवून एक उंच माणूस उभा. खाकी पँट, पांढरा बुशशर्ट, कानावर पेन्सिल. मला बघून त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

"कुठनं कुठं?" ते म्हणाले.

"लातूरहून आले. इथं पोस्टात."

"एकल्या का जोडीनं?"

"मी एकटीच राहीन. मिस्टर लातूरला नोकरीला आहेत, रविवारी येतील."

"म्हंजे दीड," ते म्हणाले आणि बाजूला झाले. "चला, वर सरका. वर जागा हाय."

हे मास्तर म्हणजे एसटीचे कंडक्टर. आपल्याकडे कंडक्टरला मास्तरच म्हणतात. मी स्वतः जन्मभर 'मास्तर, एक लातूर द्या' म्हणत आले, तरी त्या दिवशी हे डोक्यात आलं नाही. त्यांची सगळी हयात भोकर-किनवट रस्त्यावर गेली होती. इस्लापूर आलं की ते आजही झोपेत 'चला, सहस्रकुंडवाले उतरा' म्हणतात, असं काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, मला नंतर सांगितलं.

सामान लावताना मी बुद्धाची तसबीर भिंतीला टेकवून ठेवली होती. मास्तरांनी ती पाहिली, खाली जाऊन हातोडी आणली आणि न विचारता खिळा ठोकून दिला. "ह्या भिंतीचा स्वभाव मला ठावं हाय, तुमच्यानं खिळा वाकडा जाईल," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून सकाळी जिन्याखालून "जयभीम ताई" असा आवाज यायचा, आणि माझं "जयभीम मास्तर" येईपर्यंत ते हलायचे नाहीत. त्यांच्या दृष्टीनं ती हजेरी होती.

निवृत्त होऊनही हा माणूस गाडीतून उतरलाच नव्हता. ते कधी बसत नसत. पेपर उभ्यानं वाचत, चहा उभ्यानं पीत, जेवतानासुद्धा खांबाला पाठ टेकून ताट हातात धरत. घरातल्या घरात चालताना असे पाय टाकत की जणू फरशी ताशी पन्नासच्या वेगानं धावते आहे. लग्नाच्या मांडवात गेले की दाराशी उभे राहून पाहुण्यांना आत ढकलत: "मधी सरका, मधी लई जागा हाय, दाराला गर्दी करू नका." एका मयतीलाही त्यांनी हेच केलं होतं. त्या घरच्यांनी अजून काकूंशी बोलणं सुरू केलं नव्हतं.

काकूंना ते 'ड्रायव्हरसाहेब' म्हणत. "आपुन नुसती बेल मारायची. गाडी त्यांच्या हातात." स्वयंपाकघराच्या दारावर त्यांनी स्वतःच्या हातानं 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी रंगवून लावली होती आणि दिवसभर त्याच पाटीखाली उभे राहून ते चालकाशी बोलत. चालक 'हूं' म्हणे. काकूंच्या त्या 'हूं'चे पाच-सहा प्रकार होते आणि मास्तरांना एकही कळत नसे.

आता बेलचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. मास्तरांनी नांदेडच्या भंगारबाजारातून जुन्या एसटीची घंटी आणली होती, ती दोरीसकट. घंटी खाली त्यांच्या ओसरीत, आणि दोरी स्लॅबला पाडलेल्या भोकातून वर माझ्या खोलीत. मोटार खाली होती आणि पाण्याची टाकी वर. टाकी भरली की मी दोरी एकदा ओढायची, म्हणजे मास्तर मोटार बंद करत. टाकी रिकामी झाली की दोनदा ओढायची, म्हणजे सुरू करत. मी म्हटलं, "मास्तर, मी फोन करत जाईन की." तर म्हणाले, "फोनला रेंज लागती. दोरीला काय लागतं?" एकदा म्हणजे थांबा, दोनदा म्हणजे जाऊ द्या. यापलीकडे जगात तिसरं काही सांगण्यासारखं असतं, हे त्यांना मान्य नव्हतं.

त्याच वर्षी मला दिवस गेले.

मी कुणालाही सांगितलं नाही. आदल्या वर्षीही दिवस गेले होते आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. तेव्हा आम्ही आनंदाच्या भरात पेढे आधीच वाटून टाकले होते. मग ज्यांना ज्यांना पेढा दिला त्यांना एकेकाला परत सांगावं लागलं. त्या सांगण्यानं मी जेवढी खचले तेवढी दवाखान्यातही खचले नव्हते. म्हणून या वेळी ठरवलं होतं की पोट दिसेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. पण माझं पोट माझं ऐकेना. सकाळी डोळे उघडले की मळमळ, पोस्टातल्या डिंकाच्या वासानं मळमळ, शिक्क्याच्या शाईनं मळमळ. संध्याकाळी त्यावर छातीत जळजळ आणि आंबट ढेकर. वरच्या नळापाशी मी तोंडावर पदर दाबून ओकत असे, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

एका सकाळी मान वर केली तर जिन्याच्या तोंडाशी मास्तर, एक हात वर टेकवलेला.

"गाडी लागल्यासारखं वाटतंय मास्तर," मी म्हटलं. "काल नांदेडला जाऊन आले ना, म्हणून असेल."

"ताई, मी लई लोकं ओकताना बघितलेत," मास्तर म्हणाले. "किनवटच्या वळणाला अर्धी गाडी ओकायची. माणूस नुसता खिडकीकडं बघाया लागला का मला कळायचं. गाडी लागायला वळण लागतं. तुमच्या जिन्यापासून नळापतुर कुठलं वळण हाय?"

मी नळ सोडून तोंडावर पाणी मारलं. बोलायला लागले असते तर रडले असते. मास्तर आवाज अगदी उतरवून म्हणाले, "पाशिंजर बसलाय म्हणा की."

मग मी त्यांना मागच्या वर्षीचं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. सख्ख्या बहिणीला जे सांगितलं नव्हतं ते या एसटीवाल्याला नळापाशी उभी राहून सांगितलं. त्यांनी कुठलंही सांत्वन केलं नाही. "कोनालाच सांगणार न्हाई," एवढं म्हणाले आणि खाली गेले. खाली जाऊन पहिल्यांदा त्यांनी काकूंना सांगितलं, पण ते मी धरत नाही. ड्रायव्हरला सांगावंच लागतं.

त्या दिवसापासून माझ्यावर एसटी महामंडळाचे सगळे इलाज सुरू झाले. मास्तरांच्या मते मळमळ म्हणजे मळमळ, ती घाटानं येवो की बाळानं. त्यांनी वरच्या गॅलरीत एक खुर्ची आणून ठेवली, अगदी कठड्याला लावून. "पुढची शीट घ्यायची. मागच्या चाकावर बसायचं न्हाई. लांबचं बगायचं, मोबाइलमधी बगायचं न्हाई." खुर्चीवर त्यांनी पेपर अंथरला. पेपरवर बसलं की उलटी होत नाही असा त्यांचा पक्का समज होता, आणि तो पेपर त्या दिवशीचाच लागे. शिळा पेपर चालत नसे. हुंगायला लिंबू दिलं. लिंबानं मात्र खरंच बरं वाटायचं. पोस्टात मी एका हातानं पासबुक भरायची आणि दुसऱ्या हातानं लिंबू हुंगायची. म्हातारी माणसं काउंटरवरून विचारायची, "काय वो बाई, पोस्टाची नवी स्कीम का?"

सगळ्यात वाईट होती फोडणी. खाली काकूंनी कढईत तेल तापवून मोहरी टाकली की तो वास दोरीच्या भोकातून सरळ वर यायचा. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी दुसरं काही न सुचून दोरी एकदा ओढली. खाली मास्तर गरजले, "ड्रायव्हरसाहेब, थांबा." आणि खरंच फोडणी थांबली. मग तो नियमच झाला. एक बेल वाजली की काकू जिथं असतील तिथं थांबायच्या, कधी जिरं मुठीत, कधी मिरची हवेत. मास्तर गॅस बंद करून, दारं उघडून, सुपानं वास अंगणात हाकलायचे. मला बरं वाटलं की मी डबल बेल द्यायची आणि गाडी पुढे निघायची. त्या दोन महिन्यांत त्या घरातलं वरण एकदाही धड शिजलं नाही. कुणी पाहुणा जेवायला असला आणि मध्येच टिंग झालं, की मास्तर त्याला समजावायचे, "थांबा आलाय. पाच मिनिटं. ज्याला उतरायचं त्यानं उतरून घ्या." पाहुणे बिचारे खरंच अंगणात जाऊन उभे राहायचे.

पण इलाज विनोदापुरते ठीक होते. तिसरा महिना सरता सरता माझ्या पोटात पाणीसुद्धा टिकेना. दोन घोट प्यायले की बाहेर. उठलं की डोळ्यापुढं अंधारी. मला एकच भीती होती, की मी काही खाल्लं नाही तर आतल्या जिवाला काय मिळणार, आणि मागच्यासारखं झालं तर. आमचे हे लातूरहून निघतो म्हणाले, पण ते पोचेपर्यंत थांबायची माझी तयारी नव्हती. मास्तर आणि काकू मला रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेले. रिक्षातही मास्तर बाहेर लोंबकळत उभे होते.

डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावलं, तपासलं. आत काकू माझा हात धरून बसल्या होत्या, आणि मास्तर नेहमीप्रमाणे दाराच्या चौकटीत, पडद्यापलीकडे. बाहेर नर्स मोठ्यानं पेशंटची नावं पुकारत होती.

"घाबरू नका, आटोक्यात येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सकाळी उठायच्या आधी अंथरुणातच कोरडं काहीतरी खा, लाह्या, मुरमुरे, काहीही. मग जरा वेळानं उठा. पोट रिकामं ठेवायचं नाही आणि गच्चही भरायचं नाही. थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी. पाणी जेवताना नको, मधेमधे घोट घोट. आलं चालेल, पण चवीपुरतं. मळमळीची गोळी मी देते. दुकानातून मनानं काही आणायचं नाही, अ‍ॅसिडिटीचंसुद्धा नाही." मग माझ्या जळजळीचं ऐकून त्या म्हणाल्या, "आणि हे बघा. चहा सोडा. तेलकट सोडा. तिखट सोडा. जेवल्या जेवल्या आडवं होणं सोडा. पलंगाची उशाकडची बाजू विटा लावून थोडी उंच करा. आणि पुन्हा पाणी टिकेना, लघवी कमी झाली, चक्कर आली, तर वाट बघत बसू नका. सरळ इकडे या."

घरी परतताना मास्तर बाजारात मध्येच उतरले. "तुमी व्हा पुढं," म्हणाले. संध्याकाळी पिशवी भरून आले. पिशवीत काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं, की कुठला सोडा ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, म्हणून मास्तरांनी सगळेच आणले होते. खायच्या सोड्याची पुडी होती, गोळी सोड्याच्या बाटल्या होत्या आणि धुण्याचा सोडाही होता. धुण्याचा सोडा काकूंनी दारातच काढून घेतला आणि न्हाणीत नेऊन ठेवला. बाकीच्याबद्दल त्या नुसतं 'हूं' म्हणाल्या. घरासाठीच आणला असेल असं त्यांना वाटलं, कारण मास्तरांना जेवणानंतर गोळी सोडा लागायचा.

विटा मात्र त्यांनी त्याच दिवशी लावल्या, पण पायथ्याला. मी झोपले आणि डोक्याकडे घसरत भिंतीला जाऊन टेकले. "चढाला गाडीचं तोंड वर पाहिजे," असं काकू दारातून पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलल्या, तेव्हा विटा उशाकडे गेल्या.

गोळ्यांनी आणि लाह्यांनी गुण आला. रोज पहाटे उशाखालच्या डब्यातून मी आडव्या आडव्याच लाह्या खायची. अंथरुणात मुंग्या झाल्या, पण मळमळ कमी झाली. फोडणीची बेलही हळूहळू बंद झाली. जळजळ मात्र जाईना. तेव्हा मास्तर संध्याकाळच्या जेवणानंतर लिंबाचं सरबत आणून द्यायला लागले. फेसाळ असायचं. प्यायलं की असा दणदणीत ढेकर यायचा की मलाच लाज वाटायची, आणि खालून मास्तरांचा समाधानी आवाज यायचा: "सुटली गाडी." तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. काही आठवडे मी ते रोज प्यायले.

मग माझ्या चपला घट्ट व्हायला लागल्या. पायाला बोट लावलं की खळगा पडायचा. तसं थोडंफार होतं असं पोस्टातल्या बायका म्हणाल्या, पण मला चैन पडेना. त्या दिवशी मास्तर ग्लास घेऊन आले तेव्हा मी सहज विचारलं, "मास्तर, यात लिंबाशिवाय काय घालता?"

"दुसरं काय घालणार? डागदरनं सांगितलं त्येच."

"काय सांगितलं डॉक्टरांनी?"

"सोडा."

"काय सोडा?"

"चहा."

"मग सोडला की मी चहा."

"चहा सोडला? कामून?" मास्तर खरोखर चकित झाले. "चहा बी सांगितलाय तुमाला. मी सोता ऐकलंय पडद्याआडनं. चहा, सोडा. तेलकट, सोडा. तिखट, सोडा. मला तर डागदरचं नवलच वाटलं, जळजळीला तिखट सांगून ऱ्हायली म्हून. म्हनलं ह्ये काय खरं न्हाई. म्हून तिखट, तेलकट मीच गाळलं. सोडा मातर तीन-चार डाव म्हनली, म्हंजे त्येच खरं औषध आसल."

"मास्तर, सोडा म्हणजे सोडून द्या."

"काय सोडून द्या?"

"चहा."

"आन् सोडा?"

"सोडा पण सोडा."

"कोनचा सोडा?" मास्तर म्हणाले, आणि मग बोलता बोलता थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर ते एकेक करून उतरत गेलेलं मला दिसलं. चौकटीला टेकलेला हात खाली आला. मी त्या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदाच मास्तर बसले, तिथंच पायरीवर, ग्लास हातात धरून.

मी हसायला हवं होतं. आज ही गोष्ट सांगते तेव्हा ऐकणारे लोटपोट होतात. पण त्या क्षणी मला माझे सुजलेले पायच दिसले. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, खायच्या सोड्यानं क्षणभर बरं वाटतं, पण मिठासारखाच तो अंगात पाणी धरून ठेवतो, सूज येते, रक्तदाब वाढू शकतो, म्हणून पोटुशीला तो द्यायचा नसतो. ताबडतोब बंद करा आणि आत्ताच येऊन दाखवून जा.

रिक्षात मास्तर आले, पण आतल्या सीटवर बसून आले. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

रक्तदाब ठीक निघाला. लघवी तपासली, तीही ठीक होती. जळजळीचं चालणारं औषध डॉक्टरीणबाईंनी स्वतः लिहून दिलं. मग पोटावर ते छोटं यंत्र फिरवलं. आधी नुसती खरखर आली. मी श्वास धरून छताकडे बघत राहिले. मागच्या वर्षी ती खरखरच ऐकू आली होती आणि पुढं काहीच आलं नव्हतं. आणि मग एकदम आवाज लागला, भरधाव, टकटकटकटक, सगळी खोली भरून. मी रडायला लागले. पडद्यापलीकडून मास्तरांचा बारीक आवाज आला, "बाई, हे इंजन चालू हाय का बंद पडून ऱ्हायलंय?"

"चालू आहे, बाबा. छान चालू आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पण मास्तरांचं इंजिन बंद पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जयभीम आलं नाही. मीच वरून म्हटलं तर खालून नुसतं "हूं" आलं, आणि ते काकूंचं होतं. टाकी भरली, मी एकदा दोरी ओढली, तर पाणी वाहतच राहिलं. मोटार काकूंनी येऊन बंद केली. खाली जाऊन बघते तर घंटीच्या लोलकाला मास्तरांनी रुमाल बांधून ठेवलेला.

"मास्तर, झालं ते झालं. काही बिघडलं नाही ना," मी म्हटलं.

"तुमी न्हाई विचारलं आसतं तर?" ते म्हणाले. "कंडक्टरनं चुकीची बेल मारली तर माणूस चाकाखाली जातं, ताई. मी जन्मात कधी चुकीची बेल मारली न्हाई. आता ह्या वयात मारली." रुमाल तसाच राहिला. मास्तर खुर्चीवर बसून पेपर वाचायला लागले. सगळ्या गल्लीला वाटलं की मास्तर आजारी आहेत.

असे कित्येक दिवस गेले. एका दुपारी मी गॅलरीतल्या त्या पुढच्या सीटवर बसले होते, खाली पेपर अंथरलेला. सवयच लागली होती. मांडीवर मुरमुऱ्यांची वाटी. आणि पोटात काहीतरी हललं. आधी वाटलं गॅस असेल. परत हललं. आतून कुणीतरी टिचकी मारावी तसं, एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा. मी वाटी घेऊन तशीच उठले. पहिल्यांदा नवऱ्याला फोन करायला हवा होता, हे मला मान्य आहे. ते रविवारी त्यांना कळलं आणि त्यांनी आठवडाभर तोंड फुगवलं. पण मी खाली गेले, घंटीचा रुमाल सोडला, वर आले आणि दोरी ओढली. दोनदा.

मग जिन्यावर पाय वाजले. मास्तर चौकटीत आले. टाकीकडे बघितलं, ती भरलेली होती. माझ्याकडे बघितलं.

"मोटार चालू करू का?" त्यांनी विचारलं.

"मी नाही मारली बेल," मी पोटाकडे बोट दाखवून म्हटलं. "आतून मारली. डबल."

मास्तरांचा हात हळूहळू वर गेला आणि चौकटीला टेकला. "ड्रायव्हरसाहेब," त्यांनी खाली आवाज दिला, "फोडणी टाका. आज भजी बी तळा." काकूंनी भजी केली. त्यातलं मला एकही मिळालं नाही, कारण तेलकट सोडा. या वेळी मास्तरांनी बरोबर ऐकलं होतं.

सातव्या महिन्यात मी बाळंतपणासाठी माहेरी, शिरूर अनंतपाळला निघाले. घ्यायला माझी आई आली होती. भोकरच्या स्टँडवर मास्तर आमच्या आधी गाडीत चढले, मागच्या चाकावरच्या सीटकडे वळलेल्या आम्हाला पुढं आणून बसवलं आणि कंडक्टर बाईंना सांगितलं, "बाई, ह्या शीटवर दोन पाशिंजर हायत. एकाला दिसत न्हाई, म्हून जरा दमानं." त्या बाई हसल्या आणि त्यांनी डबल बेल दिली. मास्तर अजून गाडीतच होते. त्यांनी सवयीनं वर हात घालून सिंगल बेल मारली. गाडी थांबली. बाईंनी परत डबल मारली, मास्तरांनी परत सिंगल. शेवटी काकूंनी खालून म्हटलं, "उतरा की आता." ते उतरले आणि दुसरीकडे बघत उभे राहिले. गाडी हलेपर्यंत त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मुलगी झाली. रडली, हातपाय झाडले, सगळं ठीक होतं. नवऱ्यानं आणि आईनं सगळीकडे फोन केले. मास्तरांना मात्र मीच करणार म्हणून सांगून ठेवलं होतं. काकूंचा नंबर लावला. पलीकडून घाबरलेल्या आवाजात "हालो, कोन? कुठनं?" आलं. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा फोन उचलला होता. आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. मागच्या वर्षी जेवढ्या जणांना सांगावं लागलं होतं ते सगळे एकदम डोळ्यापुढं उभे राहिले. "हालो, हालो," मास्तर ओरडत होते. मी पलंगाजवळच्या स्टीलच्या ग्लासवर चमचा वाजवला. दोनदा.

पलीकडे चालण्याचा आवाज आला. आणि मग फोनमधून, लांबून, पण स्वच्छ, टिंग टिंग.

"अहो, मुलगा झाला का मुलगी, ते तर विचारा," काकूंचा आवाज आला.

"पाशिंजर हाय," मास्तर म्हणाले. "जागेवर बसलाय. आजून काय पाहिजे?"